सुनंदाताईचं ‘नॉट टू बॅड’

ताई, तुझ्या अंत्यविधीला लोक हसले.

तुला हे दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. मिलिंद भावोजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, आपली नेहमीची मराठी घरं पांढऱ्या कपड्यांत मागे उभी होती, तोवर सगळं आपल्याकडे होतं तसं होतं. मग तुझी शेजारीण गेल उठली. फुलाफुलांचा ड्रेस घालून आली होती. तिने सांगितलं, की एकदा वादळात तुझी कपड्यांची दोरी तुटली आणि धुतलेलं सगळं तिच्या बागेत जाऊन पडलं. तिने कुंपणावरून विचारलं, ‘हाउ आर यू, सू?’ आणि तू म्हणालीस, ‘नॉट टू बॅड, मोज्यांना जरा फिरायला जायचं होतं.’ सगळे हसले. मग तिने केमोनंतरचं सांगितलं. तुझ्या डोक्यावर टोपी होती, तिने विचारलं कशी आहेस, तू म्हणालीस, ‘नॉट टू बॅड, शाम्पूचा खर्च वाचला.’ त्यावर तर तुझ्या ऑफिसचे लोक मोठ्याने हसले, आणि तुझी लेक मित्रासुद्धा हसली. सोळा वर्षांची पोर, आईची शवपेटी समोर, आणि हसली.

मला उठून सगळ्यांना गप्प करावंसं वाटत होतं. तू शेजारी असतीस तर माझा हात दाबून म्हणाली असतीस, बस खाली, इथे असंच रडतात. नंतर चहाच्या टेबलाशी गेलने मला जवळ घेतलं तेव्हा तिचे डोळे लालभडक होते. तिच्यावरचा राग मी तिथेच गिळला. पण तो जिरला नाही. गेले आठ-दहा दिवस तो घेऊन मी स्वयंपाक करते, ऑफिसला जाते, आणि आता मला कळलंय की तो गेलवर नाहीच. तो तुझ्यावर आहे, आणि तुझ्या त्या ‘नॉट टू बॅड’वर आहे.

ते मला तूच शिकवलंस. दोन हजार तेरा साली आम्ही पुण्याहून न्यूझीलंडला आलो, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात भाड्याच्या घरात राहत होतो. बॉटनीच्या शॉपिंग सेंटरमध्ये माझ्या चिरंजीवांनी जमिनीवर लोळण घेतली होती आणि मी दात-ओठ खात मराठीत त्याला धमक्या देत होते. मागून आवाज आला, ‘इथे नको मारू बाई, लोक पाहून राहिले. घरी नेऊन काय ते कर.’ वळून पाहिलं तर ऑफिसच्या कपड्यांतली, पायात जँडल्स घातलेली तू. इथे स्लिपरला जँडल्स म्हणतात हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. तू नागपूरची, पावसाच्या पाण्याच्या पाइपांची डिझाइनं करणारी इंजिनियर, आमच्या आधी दोन वर्षं आलेली. त्या दिवशी तुझ्या गाडीतून घरी सोडलंस आणि माझ्या फ्रिजमधलं दूध पाहून सांगितलंस की हे चहाला चालणार नाही, निळ्या झाकणाचं आण.

मी तुला पुढे कितीतरी महिने ‘तुम्ही’ म्हणत होते. एकदा तू वैतागलीस. ‘तुम्ही-तुम्ही काय करून राहिली, मी काय मीटिंगमध्ये बसली आहे?’ तेव्हापासून तू ताई झालीस आणि ‘तू’ झालीस.

माझ्या ऑफिसच्या पहिल्याच सोमवारी माझ्या साहेबाने विचारलं, ‘हाउ आर यू?’ आणि मी त्याला खरं उत्तर दिलं. झोप लागत नाही, ॲसिडिटी झालीय, मुलगा रोज रडतो, सासूबाईंचा गुडघा. तो हातात कप घेऊन उभा, आणि त्याच्या कॉफीवर साय धरली तरी मी बोलतेच आहे. हे तुला सांगितलं तर तू सोफ्यावर आडवी होऊन हसलीस. म्हणालीस, ‘अगं, तो प्रश्न नाहीये, नमस्कार आहे. आपल्याकडे जिन्यात कोणी विचारतं ना, काय, झालं का जेवण, तेव्हा तू भाजी कोणती केली ते सांगतेस का? तसंच आहे. म्हणायचं, नॉट टू बॅड. पुढे जायचं.’ मी विचारलं, आणि खरंच बॅड असेल तर? तू म्हणालीस, ‘तरी पण नॉट टू बॅड. आवाज थोडा खाली आणायचा. समजतात ते.’

समजतात ते. या दोन शब्दांवर माझं तुझं भांडण आहे, ताई.

तू शिकवलेल्या पुष्कळ गोष्टी मी शिकले. येतो म्हणून सांगितल्याशिवाय कुणाकडे जायचं नाही. स्वतःचं कौतुक स्वतः करायचं नाही, आणि दुसऱ्याने केलं तर ते झटकून टाकायचं. ‘येस’ आणि ‘नो’ एका दमात म्हणणारा माणूस ‘नो’ म्हणत असतो. एक मात्र मला कधी जमलं नाही, ते म्हणजे आग्रह न करणं. आमच्याकडे नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता. मी चहा विचारला, तो म्हणाला, ‘आय ॲम गुड.’ मला वाटलं, बरा आहे बिचारा, चांगली गोष्ट आहे; इथे त्याचा अर्थ ‘नको’ होतो हे कुठे माहीत. मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. मग मी आपला आलं घालून मोठा मग केला आणि सोबत चकली ठेवली. माणूस सिंकखाली उताणा पडलेला, तो निमूट उठून चहा प्यायला. तुला वर्षभर पुरला तो किस्सा. प्रत्येक कार्यक्रमात तू मला तो सांगायला लावायचीस.

पण तुझाही एक किस्सा होता, आणि तो तू कधी कार्यक्रमात सांगितला नाहीस. तुझ्या इथल्या पहिल्या नोकरीत पहिल्या दिवशी तुझ्या स्वागताला केक आणला होता. तुला विचारलं, तू ‘नको’ म्हणालीस. आपण म्हणतोच पहिल्यांदा. दुसऱ्यांदा विचारतील, तेव्हा जरा आढेवेढे घेऊ, तिसऱ्यांदा घेऊ. पण दुसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही. सगळ्यांनी केक खाल्ला, बशा धुतल्या आणि कामाला लागले. तू सकाळी डबासुद्धा नेला नव्हतास. हे तू मला हसत सांगितलंस, पण शेवटी म्हणालीस, ‘त्या दिवशी समजलं, इथे पहिलं उत्तर तेच शेवटचं उत्तर.’

इतकं नेमकं समजलेलं तुला, तरी पुढे असं का वागलीस?

तू इतक्या लवकर हा देश कशी शिकलीस, असं मी एकदा तुला विचारलं होतं. आपण हिल्सबरोच्या हॉलमधून एका हळदीकुंकवाहून परत येत होतो. तिथे एका काकूंनी तुला आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग माहेरचं आडनाव विचारलं, आणि मग त्यांचं बोलणं एकदम गोड आणि आखूड झालं. मला काकूंचा संताप आला होता. तू गाडी चालवत होतीस, नजर रस्त्यावर. म्हणालीस, ‘न लिहिलेले नियम वाचायला मला न्यूझीलंडला यावं लागलं नाही, मेधा. शाळेपासून तेच करून राहिली. कुठे बसायचं, किती बोलायचं, कोणाच्या घरी पाणी मागायचं आणि कोणाच्या नाही.’ मग तू इंडिकेटर दिलास आणि मोटरवेवरच्या गर्दीबद्दल बोलायला लागलीस. माझं आडनाव त्या काकूंना चटकन पटलं होतं, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. त्या विषयावर आपण परत कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं, निदान एकदा भांडायला तरी हवं होतं.

मग मागच्या वर्षी तुझं पोट फुगायला लागलं. तू म्हणालीस गॅस आहे. ओव्याचं पाणी पीत होतीस, पँट सैल घेत होतीस, जेवणं अर्ध्यावर आली होती. माझ्या कटकटीला कंटाळून डॉक्टरकडे गेलीस. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय सांगितलंस त्यांना? तू म्हणालीस, ‘सांगितलं, थोडं दुखतं, पण नॉट टू बॅड.’ आणि डॉक्टरांनी तुझं म्हणणं जसंच्या तसं घेतलं. त्यांचा काय दोष? ते तुझ्याशी त्यांच्या भाषेत बोलले आणि तू त्यांच्याहून चांगली ती भाषा बोललीस. पोट साफ व्हायची पावडर दिली आणि बरं नाही वाटलं तर परत या म्हणाले.

बॉटनीच्या पार्किंगमध्ये आपण गाडीत बसून भांडलो ते तुला आठवत असेलच. मी म्हटलं, परत जा आणि सांग की रात्री झोप लागत नाही, कुशीवर वळता येत नाही. तू म्हणालीस, ‘रडकी इंडियन बाई म्हणतील. आपल्या बायका आल्या की त्यांचं सगळंच दुखतं, असं आधीच म्हणतात.’ मी म्हटलं, म्हणू देत. तू म्हणालीस, ‘तुला म्हणू देत म्हणणं सोपं आहे.’ मी तुला म्हटलं की तू यांच्यापेक्षा जास्त किवी झालीस. तू म्हणालीस, ‘आणि तू अजून प्लंबरला चहा पाजून राहिली.’ दोघीही हसलो, ताई, तेच वाईट झालं. भांडण पूर्ण झालं असतं तर बरं झालं असतं. तू परत गेलीस तोवर गौरी-गणपती होऊन दिवाळीचा फराळ सुरू झाला होता, आणि तोवर कॅन्सर बीजकोशातून सगळीकडे पसरला होता.

आधी कळलं असतं तर काय झालं असतं, ते कोणालाच माहीत नाही. कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनीही तसंच सांगितलं. मी तो हिशोब करत नाही. मला छळतो तो वेगळाच प्रश्न आहे. तू जेव्हा पहिल्यांदा ‘नॉट टू बॅड’ म्हणालीस, तेव्हा ते तुझं खरं उत्तर होतं, की केकसारखं पहिल्यांदाचं ‘नको’ होतं? कोणीतरी दुसऱ्यांदा विचारावं म्हणून तू थांबली होतीस का? इतकी वर्षं इथे राहून, सगळ्यांना शिकवून, आतून तू अजून त्या दुसऱ्या आग्रहाचीच वाट पाहत होतीस का? मी हे तुला विचारणार होते. धीर झाला नाही.

शेवटचे आठवडे तू त्या हिल्सबरोच्या बाजूच्या घरात होतीस, जिथे बरं करत नाहीत, फक्त दुखू देत नाहीत. फार मायेची माणसं होती. ती उंच नर्स रोज सकाळी ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार करत पडदा सारायची आणि विचारायची, शून्य ते दहा, आज किती दुखतंय? आणि तू सांगायचीस, तीन. ती तीन लिहायची आणि तिनाचं औषध द्यायची. तुझ्या हाताची मूठ चादरीत वळलेली मला या बाजूने दिसत होती, तिला त्या बाजूने दिसत नव्हती.

एका सकाळी तीन ऐकल्यावर मी राहू शकले नाही. मी मराठीत विचारलं, ताई, खरं किती? तू म्हणालीस, ठीक आहे. मी परत विचारलं. तू म्हणालीस, ‘ठीक आहे म्हटलं ना.’ मी तिसऱ्यांदा विचारलं. पंगतीत आपण पुरी वाढतो ना, समोरचा पानावर आडवा हात धरतो तरी आपण वाकून उभेच राहतो, तशी उभी राहिले. मग तुझा चेहरा मोडला. आणि जे बोललीस ते तुझ्या नेहमीच्या मराठीत नव्हतं, आमच्यासाठी तू जी घासूनपुसून वापरायचीस तिच्यात नव्हतं. तुझ्या आईच्या बोलीत होतं.

‘मले लय दुखून राह्यलं वं.’

नर्सने मला विचारलं, काय म्हणाल्या? तू माझ्याकडे पाहून मान हलवलीस, सांगू नको म्हणून. मी सांगितलं. नऊ म्हणाली, असं सांगितलं. आकडा माझा होता, तुझा नव्हता. नर्स पटकन बाहेर गेली आणि इंजेक्शन घेऊन आली. त्या दिवशी तू पहिल्यांदा कण्हल्याशिवाय झोपलीस. संध्याकाळी उठल्यावर मला म्हणालीस, ‘चुगलखोर.’ आणि जरा वेळाने माझा हात धरलास. मी तुझी ऋणी आहे त्या हातासाठी. इतक्या वर्षांत तू मला पुष्कळ काही दिलंस, पण स्वतःचं दुखणं फक्त त्या एका सकाळी दिलंस.

मग तू म्हणालीस, ‘मित्रासमोर नाही हं. तिला माझं हसतं तोंडच राहू दे.’ मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तुला वाटलं मी कबूल केलं.

काल मित्रा माझ्याकडे आली होती. तुझ्या त्या निळ्या जँडल्स घालून आली, तिला मोठ्या होतात त्या. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, मी दिलेला वरण-भात ताटात इकडून तिकडे फिरवत राहिली. तुला माहीत आहे ती कशी बोलते. आपण मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. शाळा कशी चाललीय विचारलं तर म्हणाली, ‘स्वीट ॲज, मावशी,’ म्हणजे एकदम मस्त. मग म्हणाली, एक विचारायचं आहे.

तू गेलीस त्या दुपारी भावोजी फोनवर बोलायला बाहेर गेले होते, मी अजून रस्त्यात होते. ती एकटी तुझ्याजवळ होती. तू डोळे उघडलेस आणि तिला काहीतरी म्हणालीस. तिला शब्द कळले नाहीत, पण आवाज जसाच्या तसा लक्षात राहिला होता, आणि तो ती इतके दिवस मनात म्हणून पाहत होती. तिने तो मला म्हणून दाखवला. तिच्या त्या किवी जिभेवर, एकेक अक्षर जपून.

‘मले भेव लागून राह्यलं.’

‘लागून’ तिला कळलं होतं, असं म्हणाली. भूक लागली, तहान लागली, तू लहानपणापासून तिला विचारायचीस, त्यातलं ‘लागली’. म्हणून तिला वाटलं तुला तहान लागली आहे. तिने तो छोटा स्पंज पाण्यात बुडवून तुझ्या ओठांना लावला. तू तोंड उघडलं नाहीस. तिने पुन्हा लावला. तू मान वळवलीस. एवढं सांगून ती म्हणाली, ‘आय थिंक आय गॉट इट राँग, मावशी. व्हॉट्स भेव?’

ताई, माझ्या जिभेवर खोटं तयार होतं. भेव म्हणजे माया, असं म्हणाले असते तर तिला कधीच कळलं नसतं. तिचे बाबा त्या खोलीत नव्हते, गेलला ती बोली येत नाही, इंटरनेटवर तिने असं काही शोधलंही नसतं. तू मला तेच करायला सांगितलं असतंस. हसतं तोंड. तिने आयुष्यभर मुलाबाळांना सांगितलं असतं की आईचा शेवटचा शब्द माया होता. सुंदर झालं असतं सगळं.

मी म्हटलं, ‘भेव म्हणजे भीती. आई म्हणाली, मला भीती वाटते आहे.’

तिने चमचा खाली ठेवला. मग तिने विचारलं, इंग्रजीतच, पण अगदी हळू, की आईने हे अजून कोणाला सांगितलं होतं का. मी म्हटलं, कोणालाच नाही. बाबांना नाही, डॉक्टरांना नाही, मला नाही. मी तर मागे लागून लागून विचारलं होतं तेव्हा मला फक्त दुखण्याचं सांगितलंस. भीतीचं कोणी विचारलंही नव्हतं. ते तू आपण होऊन तिला सांगितलंस.

ती रडायला लागली. अंत्यविधीला रडली होती तशी टिश्यू धरून नाही. तोंड उघडं टाकून, छाती फुटेल इतक्या मोठ्याने, ‘आई, आई’ करत, आणि ‘आई’च म्हणत होती, ‘मम’ नाही. मी तिला धरून जमिनीवर बसले. स्वयंपाकघराच्या खिडक्या उघड्या होत्या, बाहेर पलीकडचा म्हातारा गवत कापत होता, त्याचं मशीन बंद पडल्याचं मला ऐकू आलं. कुंपणाजवळ कोणीतरी थांबलंही असेल. माझा हात सवयीने खिडकी लावायला गेला होता, ताई. मी तो परत घेतला. रडू दे तिला, म्हटलं. ऐकू दे सगळ्या फ्लॅट बुशला.